मोठे अक्षर आणि लहान माणूस



मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत चाकरीला गेली. तेथे त्यांची गाठ पडली ती इंग्रजी अर्जाशी. रजा, बढती, भरपाई, सारे त्या कागदावर अवलंबून! त्यात अक्षराची चूक निघाली की मागणी बाजूस राही आणि अर्जदार अडाणी ठरे. म्हणून या चुकांचा इतिहास आपण पाहिला पाहिजे.

आपल्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असे. इंग्रजीत वाक्याचा आरंभ आणि विशेषनाम मोठ्या अक्षराने. मराठीत मात्र सर्व अक्षरे एकाच मापाची, कारण देवनागरीत थोरली-धाकटी अक्षरे नाहीतच. मोडीत तर ऱ्हस्वदीर्घाचाही भेद सहसा पाळीत नसत. तरी पेशवाईचा कारभार चाललाच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे. तात्पर्य, नियम माणसे ठरवितात आणि माणसेच बदलतात.

इंग्रजीही याला अपवाद नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचे छापखाने बहुतेक नामांना मोठे अक्षर देत. ती रीत शतक संपता संपता मावळली. जर्मन भाषेत ती अजून आहे. तेव्हा आमचा माणूस आदरापोटी 'मॅनेजर' आणि 'लीव्ह' मोठ्या अक्षराने लिहितो, तो इंग्रजांच्याच जुन्या वाटेने चालत असतो. आम्ही आदर अनेकवचनाने दाखवितो. इंग्रजीत मात्र 'मी' मोठ्या अक्षराचा आणि 'तुम्ही' लहान अक्षराचे!

तथापि सर्वच चुका निरुपद्रवी नव्हेत. 'प्रिन्सिपल' हा उच्चार एक, पण शब्द दोन: एकाचा अर्थ मुद्दल, दुसऱ्याचा तत्त्व. शेवटची अक्षरे चुकली की पतपेढीचा कर्जदार मुद्दलाऐवजी तत्त्व फेडल्याचे लिहून देतो! हे हसण्यावारी जाईल. पण करारात 'शॅल' असेल तर मालक बांधला जातो. 'मे' असेल तर बहुधा सारे त्याच्या मर्जीवर राहते. करारनाम्यात 'वर्कमन' शब्द मोठ्या अक्षराने आला, तर पुष्कळदा त्याची व्याख्या आरंभीच्या कलमात दिलेली असते. त्या व्याख्येत बदली कामगार बसतो की नाही, हे सहीपूर्वी पाहावे लागते. तेथे एका अक्षराची किंमत भाकरीत मोजावी लागते.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. ज्या अक्षरावर हक्क लटकला असेल, ते डोळ्यांत तेल घालून वाचा, नि समजले नाही तर विचारा. आणि ज्याचे अक्षर चुकले, त्याची मागणी मात्र चुकीची समजू नका. १९६४ सालच्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा झाली आहे. शासनाच्या दारी अर्ज न्यायचा, तर आपल्या भाषेतच निःशंक लिहा. तेथे 'मी' आणि 'तुम्ही' एकाच मापाचे आहेत.