घटक तालुका की गाव?

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्हा आंध्रकडे गेला. वगळले ते किनवट, राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील केवळ इस्लापूर महसूल मंडळ. म्हणजे तालुका फोडता येतो, हे कायद्यालाच मान्य होते. मग बेला परिसराला तोच न्याय का नाही? पुढे आंध्र-मद्रास सीमेवर पाटसकरांनी खेडे हा घटक धरून, भाषिक बहुसंख्या व भौगोलिक सलगता पाहून रेषा आखली. तसा निवाडा आमच्या वाट्याला आला नाही. सीमा हलो न हलो, गावनिहाय मातृभाषेची नोंद व शाळांचा नकाशा आम्ही स्वतः सिद्ध केला पाहिजे. कलम ३५०-अ अन्वये मराठी वर्ग मागताना पहिला प्रश्न पटसंख्येचाच येतो.