वनसंशोधनातील संख्याशास्त्रज्ञाचे कार्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जंगलातील प्रत्येक झाड मोजणे व्यवहारात अशक्य असते. तरीही किती लाकूड तोडावे आणि कोठे लागवड करावी, हे निर्णय मोजणीवरच अवलंबून असतात. थोडे मोजून संपूर्ण वनाविषयी अनुमान करणे आणि त्या अनुमानात किती चूक संभवते हेही सांगणे, हे संख्याशास्त्रज्ञाचे कार्य होय. प्रस्तुत लेखात भारतातील या कार्याचा विकास आणि मराठवाड्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका :
१८५६ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांची ब्रह्मदेशातील पेगू येथे वनाधिकारी म्हणून नेमणूक झाली. हत्तीवरून जाताना वाटेत दिसणारे साग ते घेरानुसार मोजत व बांबूच्या कांबीवर खुणा करीत. या नमुना-मोजणीवरून त्यांनी तोडीचे प्रमाण ठरविले. मात्र मोजणीची वाट सोयीने निवडलेली असल्यास ती सर्व वनाची प्रतिनिधी ठरेलच असे नाही, आणि अशा मोजणीतून चुकीचे प्रमाण काढता येत नाही.

संख्याशास्त्राचा प्रवेश :
देहरादून येथे १९०६ मध्ये वन संशोधन संस्था स्थापन झाली. राजचंद्र बोस यांच्यासमवेत १९३९ मध्ये प्रयोगरचनेवर मूलभूत लेखन करणारे के. आर. नायर पुढे या संस्थेत संख्याशास्त्रज्ञ झाले. नायर आणि भार्गव यांची इमारती लाकडाच्या नमुना-पाहणीवरील पुस्तिका संस्थेने १९५१ मध्ये प्रकाशित केली. नमुना यादृच्छिक असेल तर त्रुटी मोजता येते. परंतु ती निम्मी करावयाची असल्यास नमुना सुमारे चौपट करावा लागतो. खर्च आणि अचूकता यांचा मेळ घालणे म्हणूनच आवश्यक ठरते.

याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) यांनी पीककापणीच्या पाहणीत एक महत्त्वाची बाब १९४६ मध्ये मांडली. नमुन्याचा तुकडा फार लहान असल्यास कडेवरील रोपे आत धरली जातात आणि उत्पादन वाढीव दिसते. ही चूक एकाच दिशेने झुकते, त्यामुळे नमुने वाढवूनही ती नाहीशी होत नाही. सीमेवरील झाड आत धरावे की बाहेर, हा प्रश्न वनमोजणीतही तसाच उपस्थित होतो.

मराठवाड्याचा संदर्भ :
भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली व तिचा पहिला अहवाल १९८७ मध्ये आला. तिच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के वा अधिक वृक्षछत्र असल्यास ते वनाच्छादन होय. मालकी कोणाची वा झाड कोणते, हे पाहिले जात नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटचे सागवन आहे; लातूर जिल्ह्यात मात्र वन अत्यल्प आहे. त्यामुळे जळकोटसारख्या तालुक्यात मोठी आमराई वनाच्छादनात येऊ शकते, तर बांधावरचा लिंब व चिंच त्यातून सुटतात. अशा विखुरलेल्या झाडांचा अंदाज नमुना-पाहणीने स्वतंत्रपणे केला जातो. पण एका तालुक्यात नमुने मोजकेच पडत असल्याने राज्यासाठी विश्वसनीय असलेला अंदाज तालुक्यासाठी तसा राहत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, वनाचा आकडा त्याची व्याख्या आणि त्रुटी यांच्यासहच अर्थपूर्ण ठरतो. विरळ वृक्षांच्या प्रदेशात जिल्ह्याच्या टक्केवारीवर विसंबून लागवडीचे नियोजन केल्यास शेतकऱ्याने बांधावर जपलेली झाडे हिशेबाबाहेर राहतात. म्हणून अशा तालुक्यांत गावपातळीवर स्वतंत्र नमुना-पाहणी होणे आवश्यक आहे.