शिडी-आकृती आणि वीजतंत्री : कारखान्यातील नियंत्रणविद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः संशोधकाचे नाव आणि शोधाचे वर्ष यांपासून आरंभ करतो. यंत्र एकदा कारखान्यात बसले की ते चालू ठेवणारा आणि बिघडल्यास अपरात्री पॅनेल उघडून दोष हुडकून काढणारा वीजतंत्री या इतिहासात क्वचितच आढळतो. तथापि १९६८-६९ मध्ये अमेरिकेत असा एक प्रसंग घडला की, त्यात या वीजतंत्र्याला काय वाचता येते यावरच नव्या यंत्राचे स्वरूप ठरले. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पूर्वस्थिती पाहू. रिले हे उपकरण मूळचे तारायंत्राचे. कॉइलमधून विद्युत्प्रवाह गेला की ती चुंबक बनते आणि कॉन्टॅक्ट मिटवते किंवा उघडते, एवढेच त्याचे कार्य. परंतु अशा शेकडो रिलेंची जोडणी केली असता यंत्रांच्या क्रियांचा क्रम ठरविता येतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रांचे नियंत्रण मुख्यतः अशाच पॅनेलांकडे होते. त्यांचे आरेखन शिडीसारखे असे. दोन उभ्या रेषा म्हणजे वीजपुरवठा आणि आडवी प्रत्येक पायरी म्हणजे एक मंडल. पायरीवर एकापुढे एक असलेले सर्व कॉन्टॅक्ट मिटल्यावाचून कॉइलला वीज मिळत नाही; समांतर असल्यास कोणताही एक पुरतो. मोटार सुरू करण्याची साधी पायरी घ्या. चालू करण्याचे बटण दाबले की कॉइल ओढते आणि तिचाच एक कॉन्टॅक्ट त्या बटणाला समांतर मिटतो. म्हणून बोट उचलले तरी मोटार चालत राहते. वीज जाऊन परत आली तर मात्र ती आपोआप सुरू होत नाही. समोर उभ्या असलेल्या कामगाराचे हात त्यामुळे वाचतात.

वीजतंत्र्याचे कौशल्य ही आकृती वाचण्यात होते. यंत्र थांबले की हातात आकृती आणि तपासणीचा दिवा घेऊन तो पायरी-पायरीने पुढे जाई; वीज कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे अडते हे पाही. झिजलेला कॉन्टॅक्ट, जळालेली कॉइल, सैल झालेली तार हे नित्याचे दोष होत. परंतु मोटारगाडीचा नमुना बदलला की यंत्रांचा क्रमही बदले, आणि मग पॅनेलांची तारजोडणी नव्याने करावी लागे किंवा पॅनेलच टाकून द्यावे लागे.

या अडचणीतूनच १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले-पॅनेलांच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हवा अशी मागणी पुढे ठेवली. तो कारखान्यातील परिस्थितीत टिकला पाहिजे आणि पुन्हा वापरता आला पाहिजे, या अपेक्षांबरोबर आणखी एक अपेक्षा होती : त्याची मांडणी व देखभाल प्रचलित शिडी-आकृतीच्या पद्धतीने करता आली पाहिजे. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोशिएट्सच्या डिक मॉर्ली यांनी अशा नियंत्रकाचे टिपण लिहिले होते. त्यातून 'मॉडिकॉन ०८४' हे यंत्र निर्माण झाले आणि १९६९ मध्ये ते जनरल मोटर्सकडे पोहोचले. ०८४ हा आकडा त्या संस्थेच्या चौऱ्याऐंशीव्या प्रकल्पाचा.

येथे दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात रिलेंची मंडले बूल यांच्या बीजगणिताने मांडता येतात हे सिद्ध केले होते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा 'पीडीपी-१४' हा १९६९ चा नियंत्रक समीकरणांच्या वाटेने गेला. शिवाय त्याचा कार्यक्रम तारांनी विणलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत असे. गणिती दृष्टीने समीकरण आणि शिडी यांचा अर्थ एकच. पण मध्यरात्री थांबलेल्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसास शिडी वाचता येत होती, समीकरण नव्हे.

या घटनेचा अर्थ कसा लावावा? डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात संख्यात्मक नियंत्रणाच्या यंत्रांचे वेगळेच उदाहरण दिले आहे. कुशल कारागिराच्या हालचाली नोंदवून त्यांची पुनरावृत्ती करणारी पद्धत हाताशी असतानाही कार्यक्रम कचेरीत तयार होणारी पद्धत निवडली गेली. कामाचे ज्ञान कारागिराकडून व्यवस्थापनाकडे नेणे हा त्या निवडीमागील एक हेतू होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शिडी-आकृतीचे उदाहरण वरवर याच्या उलट दिसते. मात्र त्यावरून व्यवस्थापनाच्या औदार्याचे अनुमान काढणे बरोबर होणार नाही. उत्पादन खोळंबले की नुकसान होते, आणि दुरुस्ती तर अस्तित्वात असलेल्या वीजतंत्र्यांकडूनच व्हावयाची. हा सरळ हिशेब होता. कामगाराचे ज्ञान टिकले ते त्याच्यावाचून अडत होते म्हणून.

शिवाय ते पूर्णपणे टिकले असेही म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९९३ मध्ये नियंत्रकांच्या भाषांचे जे प्रमाणीकरण केले, त्यात शिडी-आकृतीस स्थान मिळाले, हे खरे. परंतु पूर्वीचा तर्क तारांत होता. पॅनेलचे दार उघडणाऱ्याला तो पाहता येई आणि स्क्रू-ड्रायव्हरने बदलताही येई. आता तो स्मृतीत गेला. तो पाहण्यास वेगळे उपकरण लागते आणि बदलण्यास कित्येकदा संकेतशब्द लागतो. तो कोणाच्या हाती असावा, हा तांत्रिक प्रश्न नसून अधिकाराचा प्रश्न आहे. वाचण्याची लिपी कामगाराची राहिली. लिहिण्याचा हक्क मात्र त्याच्याकडे राहीलच अशी शाश्वती उरली नाही.

आपल्या अभ्यासकांनी यातून एक बोध घ्यावा. कारखान्याचा इतिहास केवळ संचालक मंडळाच्या अहवालांत किंवा संपांच्या वृत्तान्तांत सापडत नाही. पॅनेलच्या दारामागे खोचलेल्या आकृत्या, त्यांवर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आणि देखभाल विभागाच्या पाळीवार नोंदवह्या हीही अस्सल साधने होत. कारखाना बंद पडला की प्रथम रद्दीत जातात ती हीच; म्हणून ती वेळीच जमविली पाहिजेत.