गंजाचें कवच

शहरांतील ज्या घरांना अंगण उरलें नाहीं, त्या घरांतली तुळस प्रथम मातीच्या कुंडींत गेली आणि कुंडी फुटल्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यांत गेली. डब्याला खिळ्यानें चार भोकें पाडलीं व माती भरली कीं बाग तयार, अशी ही बिनखर्चाची युक्ति. परंतु त्या डब्याचा शेवट कसा होतो हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. वरून डबा धडधाकट दिसत असतो, आणि एके दिवशीं तो उचलावयास जावें तों तळ जमिनीवरच राहतो! पत्रा खाल्ला जातो तो आंतून आणि खालून. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत ऐकावी. कारण अमेरिकेंतील प्रचंड इमारती जेथें फसल्या तें कारण आणि डब्याच्या तळाचें कारण तत्त्वतः एकच आहे.

झाडाला पेटींत लावण्याची हौस जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें व्हर्साय येथें १६८४ ते १६८६ या काळांत संत्र्यांच्या झाडांसाठीं हिवाळ्यांतलें निवासस्थानच बांधविलें. झाडें चौकोनी लाकडी पेट्यांत असत आणि थंडी आली कीं पेटीसह आंत नेलीं जात. लाकूड कुजतें म्हणून पुढें तशा पेट्यांना लोखंडी सांगाडा आला. लाकूड गेलें आणि सारी पेटीच पोलादाची झाली ती फार अलीकडे. आज बंगल्यांच्या बागांतून तपकिरी, गंजलेल्या रंगाच्या ज्या मोठ्या पेट्या दिसतात, त्या गंजूं दिलेल्या नसून गंजण्यासाठींच केलेल्या असतात. आणि त्यांचें पोलाद मूळ बागेसाठीं नव्हे, तर कोळशासाठीं निर्माण झालें.

पोलादांत किंचित् तांबें मिसळलें तर तें हवेंत अधिक टिकतें, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच अमेरिकेंतील कारखानदारांच्या ध्यानांत आलें होतें. पत्र्यांचे तुकडे वर्षानुवर्षें उघड्यावर मांडून त्यांनीं त्याची परीक्षा घेतली. १९३३ सालीं युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशननें ‘कॉर-टेन’ या नांवाचें मिश्र पोलाद बाजारांत आणलें. त्यांत तांबें शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास, आणि जोडीला क्रोमियम, निकेल व फॉस्फरस हीं थोडथोडीं. पहिलें गिऱ्हाईक मिळालें तें आगगाडीचें. ओला कोळसा वाहून वाघिणींचे पत्रे सडत. नवें पोलाद अधिक मजबूत असल्यानें पत्रा पातळ ठेवूनही वाघीण अधिक काळ चाले. पुढें भारतीय रेल्वेनेंही आपल्या डब्यांसाठीं व वाघिणींसाठीं याच जातीचें पोलाद स्वीकारलें.

साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याच्या खपल्या पडतात, खालीं नवें लोखंड उघडें होतें आणि हा क्रम लोखंड संपेपर्यंत चालतो. या मिश्र पोलादावरही गंज चढतोच; पण त्याचा आंतला थर दाट व चिवट बनून धातूला घट्ट चिकटतो आणि पुढच्या गंजाची वाट अडवितो. मात्र एक अट आहे. पत्रा भिजला पाहिजे आणि मग पुरता वाळलाही पाहिजे. भिजणें-वाळणें असें पुनःपुन्हा घडलें तरच कवच तयार होतें, आणि त्याला कांहीं वर्षें लागतात.

येथें मेहरौलीच्या लोहस्तंभाची आठवण अपरिहार्य आहे. सुमारें सात मीटर उंच, सहा टनांहून जड असा हा स्तंभ दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळचा मानला जातो. कानपूरच्या आय. आय. टी. मधील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम् यांनीं दाखविलें कीं, त्यांतील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळें पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर बनला आहे. भट्टींत चुनखडी न घातल्यानें तो फॉस्फरस लोखंडांत राहिला. प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याची आपल्याकडे आवड फार; परंतु हा गुण बुद्ध्या आणला कीं त्या काळच्या रीतीमुळें आपोआप आला, हें तो स्तंभ सांगत नाहीं. दिल्लीच्या कोरड्या हवेचा वाटाही विसरतां येत नाहीं.

इमारतींत या पोलादाला प्रतिष्ठा दिली ती ईरो सारिनेन या शिल्पज्ञानें. शेतीचीं अवजारें करणाऱ्या डीअर कंपनीच्या इलिनॉयमधील मुख्य कचेरीसाठीं त्यानें तें रंग न देतां उघडें वापरलें. १९६१ सालीं तो वारला. इमारत १९६४ सालीं पुरी झाली. पाठोपाठ १९६५ सालीं शिकागोचें एकतीस मजली सिव्हिक सेंटर उभें राहिलें, आणि १९६७ सालीं त्याच्यापुढें पिकासोचें पन्नास फूट उंचीचें शिल्प त्याच पोलादांत आलें. मग ती एक लाटच झाली. आणि लाटेंत अट विसरली गेली.

अटलांटा शहरांत १९७२ सालीं ‘ओम्नी’ नांवाचें क्रीडागृह या पोलादानें मढविलें. तेथील हवा दमट. कवच स्थिर होईना, गंज थांबेना आणि पत्र्याला भोकें पडलीं. १९९७ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांत, तें पाडावें लागलें. होनोलुलूचें अलोहा स्टेडियम १९७५ सालीं उघडलें. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें त्याचें पोलाद इतकें खाल्लें कीं डागडुजीचा खर्च कधीं संपलाच नाहीं. मीठ त्या कवचाला बसूंच देत नाहीं. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या गृहस्थानें किनाऱ्यालगतच्या बागेसाठीं अशी पेटी करावयास सांगण्यापूर्वीं होनोलुलूची आठवण ठेवावी हें बरें. पुणें, नाशिक, सोलापूर यांची गोष्ट निराळी.

आतां पेटीचा विचार केला तर बाहेरची बाजू उन्हांत वाळते, पण आंतली बाजू ओल्या मातीला चिकटून बारा महिने भिजलेली राहते. म्हणजे बाहेरून मेहरौलीचा स्तंभ आणि आंतून तेलाचा डबा! म्हणून जाणता कारागीर आंतून डांबराचा जाड लेप देतो. पाणी निघून जावें म्हणून तळाला अंगठ्याएवढीं भोकें पाडतो, आणि खालून वारा खेळावा म्हणून पेटीला पाय लावतो. सांधे जोडण्याची कांडी त्याच जातीच्या पोलादाची असावी लागते. साधी वापरली तर सांधा आधीं जातो.

दुसरी चूक वजनाची. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व तितक्याच उंच पेटींत ओली माती भरली तर एक टनाहून अधिक भार होतो. तीन मिलिमीटरचा पत्रा रिकामा असतांना ताठ दिसतो. माती भरून पाणी घातलें कीं लांब बाजूंचें पोट सुटतें. त्यासाठीं आंतून दोन्ही बाजूंना आडवी पट्टी ओढून जोडतात. ती मातीखालीं जाते, पाहुण्यांना दिसत नाहीं आणि म्हणून हटकून गाळली जाते. गच्चीवर ठेवावयाची असेल तर स्लॅबला हा टनभर भार पेलेल कीं नाहीं हें माती आणण्यापूर्वीं विचारलेलें बरें.

पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत पेटीवरून तांबूस पाणी ओघळतें आणि खालच्या फरशीवर त्याचे डाग कायमचे बसतात. शिकागोसारख्या शहरांतही हा त्रास चुकला नाहीं. यासाठीं ती प्रारंभीं खडीवर ठेवतात, आणि रंग पक्का बसून पाणी स्वच्छ ओघळूं लागल्यावर मग फरशीवर आणतात. अर्थात् तोंवर तींत माती भरलेली नसेल तर.