वंशावळ विकणारी माणसे

गुरांच्या बाजारात बैलाची पारख करण्याचे एक पूर्ण शास्त्र आपल्याकडे आहे. दात पाहून वय ठरते. दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला ही त्या वयाची परिभाषा. खूर, शिंगे, कातडी, अंगावरचे भोवरे, चाल हे सारे पाहून झाले की रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. बैल विकत घेणाऱ्याला जे हवे असते ते त्याच्या डोळ्यांसमोर उभे असते. तो औताला धरला की चार दिवसांत त्याचा खरेखोटेपणा कळतो.

वळूचे तसे नाही. वळू विकत घेणारा माणूस त्या जनावराची ताकद विकत घेत नाही, त्याची न जन्मलेली संतती विकत घेतो. ती गाईच्या पोटात नऊ महिने राहणार, जन्मल्यावर वाढायला वर्ष-दीड वर्ष घेणार, आणि तिच्यातल्या कालवडी दूध किंवा वासरू देऊ लागेपर्यंत आणखी दोन वर्षे उलटणार. फसवणूक झालीच तर ती कळायला तीन-चार वर्षे जातात. तोवर निम्मा कळप त्याच वळूच्या वंशाचा झालेला असतो. मग घेणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? समोर उभ्या जनावरावर फारसा ठेवता येत नाही. तो ठेवावा लागतो जनावराच्या आईबापांवर, आणि त्याहूनही अधिक, ते आईबाप कोण हे सांगणाऱ्या माणसावर. म्हणून वळूंच्या विक्रीचा इतिहास हा बऱ्याच अंशी विश्वास निर्माण करण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. त्या इतिहासाची एक शाखा हिंदुस्थानातून निघून टेक्सासला गेली आणि तिथे तिला 'ब्राह्मण' हे नाव मिळाले. ती हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

आरंभ मात्र इंग्लंडमधून करावा लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्टरशायरमधल्या डिशली या गावी रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी आपले वळू आणि मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देऊ लागला. यात दुहेरी फायदा होता. जनावराची मालकी घरातच राहत असे, आणि कुणाच्या कळपात कशी संतती निपजते हे पाहून कोणता नर परत आपल्या कळपात वापरायचा हे ठरवता येत असे. घेणाऱ्यालाही सारा धोका एकदम पत्करावा लागत नसे. बेकवेल १७९५ मध्ये वारला. त्याच्या पद्धतीचा अभ्यास केलेल्या चार्ल्स कॉलिंगने १८१० मध्ये डरहॅम परगण्यातल्या केटन येथे आपल्या शॉर्टहॉर्न गुरांचा लिलाव केला. त्यात 'कॉमेट' नावाचा वळू १,००० गिनींना गेला आणि तो चौघांनी मिळून घेतला. कॉमेटच्या वंशावळीत त्याच्या बापाचे नाव एकाहून अधिक ठिकाणी येते. त्याचा बाप 'फेवरिट' हा त्याच्या आईचाही बाप होता, आणि ती आई फेवरिटला त्याच्या स्वतःच्या आईपासून झालेली होती. माणसांत जे महापाप ठरले असते, ते इथे हजार गिनींचे कारण झाले. बारा वर्षांनी, १८२२ मध्ये, जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न गुरांची पहिली छापील वंशनोंदवही प्रसिद्ध केली. तोवर जी वंशावळ मालकाच्या तोंडी होती ती आता ग्रंथात आली. मालकाला न ओळखणारा माणूसही नोंद पाहून वळू घेऊ शकेल अशी सोय झाली. वळूचा बाजार गावकीच्या बाहेर पडला तो या पुस्तकामुळे.

आता टेक्सास. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर टेक्सासची लांब शिंगांची गुरे हजारोंच्या कळपांनी उत्तरेकडे हाकली जाऊ लागली. ती जिथून जात तिथली स्थानिक गुरे तापाने पटापट मरत, आणि टेक्सासची गुरे मात्र धडधाकट राहत. या 'टेक्सास तापा'चे कोडे १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी सोडवले. ताप गोचिडीमार्फत पसरत होता. जनावरांचा रोग अशा किड्यामार्फत पसरतो हे सिद्ध झाल्याचे हे पहिलेच मोठे उदाहरण. आखाताच्या किनाऱ्यावरच्या रँचमालकांपुढे पेच असा की, मांसासाठी उत्तम अशी विलायती गुरे आणावीत तर ती गोचिडी आणि उष्म्यापुढे टिकत नाहीत, आणि टिकणारी स्थानिक गुरे अंगाने धरत नाहीत.

वशिंडाची गुरे अमेरिकेत अगदीच नवी नव्हती. १८५४ मध्ये लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारकडून दोन हिंदुस्थानी वळू मिळाले होते. ऊस-कापसाच्या लागवडीबाबत त्याने केलेल्या मदतीची ती पोच होती. १८८५ मध्ये ह्यूस्टनच्या फ्रॉस्ट आणि माँटगोमेरी यांनी आणखी दोन वळू थेट हिंदुस्थानातून आणवले आणि बॅरोच्या वळूंच्या संततीवर सोडले. त्यांची नावे 'खेदिव' आणि 'किंग'. हिंदुस्थानच्या वळूला इजिप्तच्या राज्यकर्त्याची पदवी द्यावी, इतकाच त्या काळी पूर्वेचा हिशेब होता.

खरी मोठी आयात झाली ती एका रँचच्या हट्टातून. एबल पिअर्स, ज्याला सारे 'शांघाय' पिअर्स म्हणत, हा टेक्सासच्या किनारपट्टीवरचा बडा गुरेवाला. परदेशच्या प्रवासात त्याची खात्री पटली होती की वशिंडाच्या गुरांना गोचिडी बाधत नाहीत. पण १९०० च्या गॅल्वेस्टनच्या वादळात आणि इतर व्यवहारांत त्याचे अतोनात नुकसान झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. मरणापूर्वी त्याने स्वतःचा संगमरवरी पुतळा करवून घेतला होता. गुरे आणण्याचे काम मात्र भाच्यावर राहिले. हा भाचा ए. पी. बॉर्डन, मामाच्या मिळकतीचा व्यवस्थापक. शेजारचा रँचमालक टॉम ओ'कॉनर त्याच्या जोडीला होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या वजनाने परवानगी मिळाली, बॉर्डन स्वतः हिंदुस्थानात आला, त्याने जनावरे निवडली, आणि १९०६ मध्ये ५१ गुरे घेऊन जहाज न्यूयॉर्कला लागले.

तिथे विलगीकरणात त्यांच्या रक्तात 'सरा' या रोगाचे परजीवी सापडले. घोडे, उंट आणि गुरे यांना होणारा, चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरणारा हा रोग अमेरिकेत शिरला तर अनर्थ होईल म्हणून सरकारी पशुवैद्यांनी कळपाची एकेक करून तपासणी केली. अखेर टेक्सासच्या कुरणांपर्यंत ३३ गुरे पोचली. त्यांत ३० वळू आणि अवघ्या ३ माद्या होत्या. योगायोग असा की गोचीड-निर्मूलनाची सरकारी मोहीमही त्याच १९०६ साली सुरू झाली. एकीकडे सरकार गोचिडीचा नायनाट करायला निघाले होते आणि दुसरीकडे एक कुटुंब गोचिडीला दाद न देणारी गुरे आणत होते. दोन्ही प्रयत्न यशस्वी झाले. पण उष्म्याचा प्रश्न मोहिमेने सुटणारा नव्हता, म्हणून गोचीड हटल्यावरही वशिंड टिकून राहिले.

तीस वळू आणि तीन माद्या. या आकड्यांतच पुढची सारी कथा आहे. इतक्या थोड्या माद्यांवर 'शुद्ध' कळप उभा करणे दुरापास्त होते. तेव्हा वळू विलायती आणि स्थानिक गाईंवर सोडले गेले, त्यांच्या कालवडींवर पुन्हा हिंदुस्थानी वळू, त्यांच्या कालवडींवर पुन्हा. आणि या संकरातून निपजलेले गोऱ्हे वळू म्हणून विकले जाऊ लागले. किंग रँचने १९१८ मध्ये तीन-चतुर्थांश ते सात-अष्टमांश हिंदुस्थानी रक्ताचे ५२ वळू घेऊन ते अडीच हजार शॉर्टहॉर्न गाईंवर वापरले. त्या प्रयोगातून १९२० मध्ये 'मंकी' नावाचा लाल वळू जन्मला. त्याच्या वंशातून उभी राहिलेली 'सांता गर्ट्रूडिस' ही जात अमेरिकी सरकारने १९४० मध्ये मान्य केली. दरम्यान १९२३ ते १९२५ या काळात ब्राझीलमधली हिंदुस्थानी वंशाची गुरे मेक्सिकोमार्गे टेक्सासात आली. त्यांतही वळूच जास्त. या साऱ्या आयातींची बेरीज केली तरी नोंदलेली जनावरे तीनशेच्या आत राहतात.

१९२४ मध्ये या गुरांच्या पाळकांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले चिटणीस जे. डब्ल्यू. सार्टवेल यांनी जातीसाठी नाव सुचवले 'ब्राह्मण'. गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाखोरे ही मूळची नावे गावांची, नद्यांची, डोंगरांची होती. ती एका नावात विरघळली. आपण कोणता शब्द उचलला याची त्या भल्या माणसांना कितपत कल्पना होती कोण जाणे. मराठी वाचकाला मात्र हसू आवरणे कठीण जाईल. कारण या जातीत 'शुद्ध' कशाला म्हणायचे याचा हिशेब असा बसला की, पाचव्या पिढीत रक्त ३१/३२ झाले म्हणजे जनावर शुद्ध ब्राह्मण. ज्या शब्दाभोवती आपल्याकडे शतकानुशतके जन्मसिद्ध शुद्धतेचे कुंपण घातले गेले, तोच शब्द तिथे पाच पिढ्यांच्या संकराने, आणि मुख्य म्हणजे नीट ठेवलेल्या वहीने, मिळवता येऊ लागला.

वही कुणी ठेवली? टेक्सासच्या हंगरफर्ड गावच्या हजिन्स कुटुंबासारख्या घरांनी. त्यांच्या कळपातला १९३३ मध्ये जन्मलेला 'मान्सो' हा वळू या जातीचा एक आदिपुरुष मानला जातो. मान्सो म्हणजे गरीब स्वभावाचा, माणसाळलेला. वशिंडाच्या गुरांवर अमेरिकेत भडकपणाचा ठपका होता. तेव्हा ज्याच्या नावातच शांतपणा आहे असा वळू मूळपुरुष ठरावा, यात विकणाऱ्याचे धोरण स्पष्ट दिसते. अशा घरांचा मुख्य माल मांस नव्हता, पैदाशीचे वळू हाच होता. गिऱ्हाईक रँचवर येते, गोठ्यांतून फिरते, आई दाखवा म्हणते, भावंडे दाखवा म्हणते. विकणाऱ्याने या वर्षी एक खोटी नोंद खपवली तर पाच वर्षांनी त्याच्याच नातवंडांना गिऱ्हाईक मिळणार नाही. कुटुंबाचे नाव आणि वळूचे नाव अशी एकमेकांत गुंतलेली असल्यामुळेच ही वही बरीचशी खरी राहिली. आज वीर्याची तपासणी, अंडकोशाचा घेर, जनुकीय चाचणी, संततीच्या वजनावरून काढलेले अंदाज हे सारे आहे. तरी विकणाऱ्याच्या नावाला किंमत आहेच.

आता यातली एक गोष्ट थेट आपल्या अंगणातली. कृष्णाखोरे नावाच्या गुरांची निपज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी केली. कृष्णेच्या काळ्या, चिकट जमिनीत ओढकाम करील असा दांडगा बैल त्यांना हवा होता. त्यासाठी काठेवाडचे गीर, गुजरातचे कांकरेज, आंध्रातले ओंगोल आणि म्हैसूरकडच्या रक्ताची स्थानिक गुरे यांचा संकर केला गेला. गीर, कांकरेज, ओंगोल! टेक्सासच्या 'ब्राह्मण'चा मसाला नेमका हाच. तो तिथे सुरू झाला त्याच्या थोडेच आधी तो सांगली-बेळगाव-विजापूरच्या पट्ट्यात सिद्ध झाला होता. आज टेक्सासचा ब्राह्मण जगातल्या कितीतरी उष्ण देशांत पोचला आहे, आणि कृष्णाखोऱ्याची गुरे शोधावी लागतात.

याचे एकच कारण सांगणे हा उथळपणा ठरेल. संस्थाने गेली, ट्रॅक्टर आला, ओढकामाच्या बैलाची गरज आटली. पण एक फरक उरतोच. आपल्याकडे वळू विकण्याची वस्तू म्हणून फारसा कधी पाहिलाच गेला नाही. वृषोत्सर्गात मृताच्या नावाने, अंगावर त्रिशूळ-चक्राचे डाग देऊन सोडलेला वळू कुणाच्याच मालकीचा नसे. तो देवाचा, म्हणून साऱ्या गावाचा. त्याने शेतात तोंड घातले तर लोक सहसा सोसून घेत. त्याच्यासाठी कुणी पैसे मोजत नसे, म्हणून तो कुणाचा मुलगा हे लिहून ठेवण्याची गरजही कुणाला भासली नाही. ही व्यवस्था कनिष्ठ होती असे मी म्हणणार नाही. गरिबातल्या गरिबाच्या गाईलाही तिने फुकट वळू दिला. पाळकांच्या स्मरणात वंशावळी होत्याच. कोणत्या वस्तीवरची कोणत्या गाईची पैदास चांगली हे खिलार पाळणारे पिढ्यानपिढ्या जाणत आले. परंतु स्मरण जहाजात चढवता येत नाही. बॉर्डनने नेलेल्या ५१ जनावरांमागे कितीतरी पाळकांची निवड, पारख आणि कष्ट होते. टेक्सासच्या वंशावळी मात्र त्या जहाजापाशी येऊन थांबतात. पुढचे सारे नोंदलेले आहे, मागचे सारे 'आयात' या एका शब्दात गडप झाले आहे.

आज आपल्याकडे 'शुद्ध देशी' या शब्दांना मोठा भाव आला आहे. गावचा वळू बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला, आणि त्याची जागा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवलेल्या रेतमात्रेने घेतली. आता वळू दिसतही नाही. दिसतो तो फक्त कांडीवर छापलेला क्रमांक. म्हणजे विश्वासाचा प्रश्न पूर्वीपेक्षाही तीव्र झाला आहे. अशा वेळी टेक्सासची हकीकत एवढेच सांगते की शुद्धता रक्तात शोधून सापडत नाही. ती कुणीतरी ठरवतो, कुणीतरी लिहितो, आणि त्या लिहिण्याची जबाबदारी पिढ्यानपिढ्या पाळतो. आपण शुद्धतेचा अभिमान पुष्कळ बाळगला. वही ठेवणाऱ्याला मात्र, माणसांत काय आणि गुरांत काय, फारसा मान दिला नाही.