बटाट्यातले प्रथिन आणि सात आऱ्यांचे चाक

दुर्गाबाई भागवतांना मराठी वाचक ओळखतो. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मात्र तेवढ्या ओळखीच्या नाहीत.

१९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगी आहे एवढ्यावरून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडले.

नंतर केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना त्यांनी दाखवून दिले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते. लोहाचा अणू पोटाशी धरलेले हे इवले प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉनची ने-आण करते. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा.

१९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत याच प्रथिनाचे दुसरे रूप दिसले. प्राण्यांच्या पेशीत ते आपले घर, म्हणजे मायटोकाँड्रिया, सोडून बाहेर पडले, की तो पेशीच्या मरणाचा निरोप ठरतो.

निरोप घेणाऱ्या प्रथिनाचे नाव अपाफ-१. त्याचे तीन भाग आहेत. अशा भागाला शास्त्रज्ञ डोमेन म्हणतात. कवितेतले कडवे जसे स्वतंत्र उभे राहते आणि तरी पूर्ण कवितेचे असते, तसा डोमेन स्वतःची घडी स्वतः घालतो. शेवटचा भाग पंख्याच्या पात्यांसारखा. सायटोक्रोम सी तिथे बसते. मग मधला भाग ऊर्जारेणूच्या मदतीने उलगडतो आणि असे सात रेणू जुळून चाक बनते. पहिला भाग ‘कार्ड’ नावाचा, सहा पिळांच्या जुडीचा. कॅस्पेस-९ या विकरापाशीही तसाच भाग असतो. समान भाग एकमेकांना धरतात, विकर जागे होते आणि पेशीची शिस्तीत आवराआवर सुरू होते.

पावसाळ्यात आपल्या डबक्यांत बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरते ती अशाच मरणाने. गर्भात आपली बोटे सुटी होतात तीही पेशी वेळेवर गेल्यामुळे. हा निरोप ऐकू आला नाही, तर जायला हवी ती पेशी राहते आणि वाढते. कर्करोगाची एक वाट तिथून जाते.

कमलाबाई १९९८ साली गेल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर आणि गरिबाच्या ताटातल्या अन्नावर काम केले. ज्या प्रथिनाला त्यांनी बटाट्यात ओळखले, ते जगवते तसे निरोपही देते, हे त्यांच्या हयातीतच उलगडले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)