हुगळीकाठचे परकी भांडवल

परदेशी भांडवल आले म्हणजे देशाची भरभराट होते, असे एक मत आहे. ते आले म्हणजे देश नागवला जातो, असे दुसरे. ही दोन्ही मते मांडणाऱ्यांना पुराव्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दोघांनाही कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, नेऊन हुगळीच्या काठी उभे करावे. दोघांचेही समाधान होईल. दक्षिणेस बजबजपासून उत्तरेस नैहाटी-बांसबेरियापर्यंत नदीच्या दोन्ही तीरांना तागाच्या गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहिली. साऱ्या जगाचा गहू, साखर, कापूस आणि कॉफी ज्या पोत्यांत भरली जाई, ती पोती येथे विणली जात. आणि त्याच धुराड्यांच्या पलीकडे, ज्यांच्या शेतात तो ताग पिकत होता, त्या बंगाली शेतकऱ्याच्या घरी मात्र दारिद्र्य तसेच राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हा अंधार का पडला, हा प्रश्न नुसता इतिहासाचा नाही. आपल्या राज्यात कारखाना यावा म्हणून झटणाऱ्या आजच्या प्रत्येक सरकारच्या दारी तो उभा आहे.

या कथेचा आरंभ बंगालमध्ये होत नाही. तो होतो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी नावाच्या गावी. तेथील विणकर जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याचे जाडेभरडे कापड विणीत. हा धागा रशियातून येई. बंगालचा ताग त्याहून पुष्कळ स्वस्त. पण तो राठ असल्यामुळे यंत्रावर चालेना. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचेही बंदर होते. देवमाशाचे तेल आणि पाणी यांनी ताग मऊ करून घेतला, की तो यंत्रावर सुरळीत कातता येतो, हे 1830 नंतरच्या वर्षांत तेथील लोकांच्या ध्यानात आले. पुढे 1853 ते 1856 या काळात क्रिमियाचे युद्ध झाले, रशियाचा माल दुर्मिळ झाला, आणि डंडीचे भाग्य तागाशी बांधले गेले.

ताग बंगालात पिकावा, स्कॉटलंडात विणला जावा आणि पोते होऊन पुन्हा पूर्वेकडे यावे, हा द्राविडी प्राणायाम फार दिवस चालणे शक्य नव्हते. 1855 साली जॉर्ज ऑकलंड या इंग्रजाने श्रीरामपूरजवळ रिशडा येथे ताग कातण्याची पहिली गिरणी काढली. बिश्वंभर सेन हे बंगाली गृहस्थ या उद्योगात त्याचे भागीदार होते. 1859 साली बोर्निओ कंपनीने बरानगर येथे वाफेवर चालणारे माग बसविले. नंतर अमेरिकेच्या यादवी युद्धाने बारदानाची मागणी वाढविली आणि गिरण्यांचे पेव फुटले. 1913-14 साली हुगळीच्या काठी चौसष्ट गिरण्या होत्या आणि त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे राबत होती. तोवर कलकत्त्याने डंडीला केव्हाच मागे टाकले होते.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या गिरण्यांचे भांडवल खरोखर कोठून आले? डंडीहून आले, असे सहज वाटते. परंतु डंडीचे धनिक आपला पैसा अमेरिकेतील रेल्वेत व जमिनीत गुंतवीत होते. रॉबर्ट फ्लेमिंग याने 1873 साली तेथे काढलेली गुंतवणूक संस्था त्याचसाठी होती. कलकत्त्याच्या कित्येक गिरण्यांचे भाग कलकत्त्यातच, रुपयांत विकले गेले. हिंदुस्थानात नोकरी करणारे इंग्रज अधिकारी, व्यापारी, वकील यांची बचत, आणि या धंद्यात झालेला नफाच पुन्हा घातलेला, यांतून हे भांडवल उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर तर भागधारकांत मारवाडी व इतर भारतीयांचा भरणा मोठा झाला. ज्याला आपण परकी भांडवल म्हणतो, त्याचा बराचसा अंश याच भूमीवर साठलेला होता.

मग परके होते ते काय? परकी होती ती सत्ता. आणि तिचे नाव मॅनेजिंग एजन्सी. क्लाइव्ह स्ट्रीटवर, ज्याला आता नेताजी सुभाष मार्ग म्हणतात, अँड्र्यू यूल, बर्ड, जार्डिन स्किनर अशा पेढ्यांच्या कचेऱ्या होत्या. पेढीचे मोजके भागीदार एका कंपनीची स्थापना करीत, तिचे भाग लोकांना विकीत, आणि करार करून तिचा कारभार दीर्घ मुदतीसाठी आपल्याच हाती ठेवीत. तागाची गिरणी, कोळशाची खाण, चहाचा मळा, नदीतील आगबोट असे नाना उद्योग एकाच पेढीच्या छपराखाली येत. खाणीतला कोळसा गिरणीला विकायचा, गिरणीचा माल आपल्याच बोटीने न्यायचा, आणि प्रत्येक पायरीवर दलाली घ्यायची. भागधारकाला लाभांश मिळो वा न मिळो, पेढीचे कमिशन ठरलेले असे. भांडवल बहुतेक दुसऱ्यांचे आणि निर्णय सर्वस्वी यांचे. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

बंगालमध्ये उद्योगी पुरुष नव्हते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. द्वारकानाथ ठाकूर यांनी 1834 सालीच कार, टागोर आणि कंपनी ही पेढी इंग्रज भागीदारांसह काढली होती. राणीगंजच्या कोळशापासून नदीतील आगबोटींपर्यंत अनेक धंद्यांत त्यांनी हात घातला, आणि युनियन बँकेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. 1846 साली ते लंडनमध्ये निवर्तले. नंतर 1847-48 च्या आर्थिक अरिष्टात ती बँक बुडाली आणि पेढीही बसली. बंगाली धनिकांचे हात त्यात चांगलेच पोळले. 1793 च्या कायमधाऱ्याने जमीनदारीचे उत्पन्न निर्धास्त करून ठेवलेले होतेच. बंगाली पैसा गिरणीकडे पाठ फिरवून तिकडे वळला. दरम्यान युरोपीय बँका, युरोपीय व्यापारमंडळ आणि सरकारी कचेरी यांचा परस्परांशी एवढा घरोबा झाला, की नवख्या भारतीयाला त्या वर्तुळात शिरकाव मिळेना. पुढे 1919 च्या सुमारास घनश्यामदास बिर्ला आणि इंदूरचे सर हुकुमचंद यांनी तागाच्या गिरण्या काढल्या, तोवर धंद्याला साठ वर्षे होऊन गेली होती.

परिणाम काय झाला, तो क्रमाने पाहावा. यंत्रे आली ती स्कॉटलंडातून. गिरणीचे व्यवस्थापक, इंजिनिअर, खात्यावरचे साहेब हे बहुतेक डंडीकडचे. वर्षे भरली की पेन्शन आणि अनुभव दोन्ही घेऊन ते मायदेशी परतत. मजूर प्रथम आसपासच्या खेड्यांतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ते बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा व आंध्र येथून येऊ लागले. सरदाराच्या मर्जीने काम मिळवावे, बस्तीत राहावे आणि वाचलेला पैसा मनिऑर्डरने गावी धाडावा, हा त्यांचा क्रम. गिरणगावात राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला तो वेगळा सांगायला नको. आणि ताग पिकविणारा शेतकरी? तो मैमनसिंग, ढाका, पाबना या पूर्वेकडील जिल्ह्यांतला. त्याच्या आणि गिरणीच्या मध्ये दलालांची साखळी उभी. गिरणीमालकांनी 1884 सालीच आपला संघ बांधला. मंदी आली की कामाचे तास कमी करावयाचे, काही माग बंद ठेवावयाचे आणि मालाचा भाव सावरून धरावयाचा, असे ते एकविचाराने ठरवीत. लाखो विखुरलेल्या शेतकऱ्यांना असा संघ नव्हता. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कच्च्या तागाचा भाव कोसळला, तेव्हा तो भार मुख्यतः त्यांच्याच पाठीवर पडला.

न्यायाने पाहता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदर वाढले, खाणी खोलवर गेल्या, लोहमार्ग झाले, आणि लाखो माणसांना रोकड मजुरी मिळाली. परंतु लोहमार्गाचाच दाखला घ्या. 15 ऑगस्ट 1854 रोजी हावड्याहून हुगळीस पहिली गाडी धावली. ईस्ट इंडियन रेल्वेचे भांडवल लंडनमध्ये उभारलेले. त्यावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली. आणि इंजिने विलायतेत घडविलेली. पुढे जमालपूरच्या रेल्वे कर्मशाळेत काही इंजिने तयार झाली खरी. पण इंजिने बांधण्यासाठीच उभारलेल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडायला 1950 साल उजाडावे लागले. हावड्याची पहिली गाडी आणि हे इंजिन यांत शहाण्णव वर्षांचे अंतर आहे.

याच्या शेजारी युरोपातील एक उदाहरण ठेवले म्हणजे भेद स्पष्ट होतो. विल्यम कॉकरिल हा इंग्रज कारागीर अठराव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या मुलखात येऊन लोकर कातण्याची यंत्रे बनवू लागला. त्याचा मुलगा जॉन याने 1817 साली लिएजजवळ सेरँ येथे यंत्रांचा कारखाना काढला. हाही परकीयांचाच उद्योग. पण तो तेथे यंत्रे आणून बसविण्यावर थांबला नाही. यंत्रे घडवू लागला. तिथल्या राजाने त्यात भागीदारी केली. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारने 1834 साली लोहमार्ग बांधण्याचा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी देशात बांधलेले पहिले रेल्वे-इंजिन सेरँच्या कारखान्यातून बाहेर पडले. कारागीर शिकले, त्यांनी इतरांना शिकविले, आणि पुढे बेल्जियमचेच भांडवल व इंजिनिअर रशिया-इजिप्तपर्यंत गेले. परका माणूस आला आणि त्याची विद्या त्या मातीत रुजली. कारण मागणी देशाची होती आणि सरकारही देशाचेच होते.

आपल्याकडेही याचे एक लहानसे प्रत्यंतर आहे. मुंबईच्या कापड गिरण्या प्रायः भारतीयांच्या पैशाने उभ्या राहिल्या. त्यांचीही यंत्रे लँकेशायरचीच होती. पण नफ्याचे काय करायचे हे मुंबईत ठरत असे. जमशेटजी टाटांनी कापसातून मिळविलेला पैसा आणि पत पोलादाकडे वळविली. मयूरभंजच्या लोखंडाची वार्ता त्यांच्या पेढीला 1904 साली दिली ती प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने. 1907 साली भाग विक्रीस निघाले ते मुंबईत, आणि सुमारे तीन आठवड्यांत आवश्यक भांडवल जमले. तज्ज्ञ म्हणून चार्ल्स पेज पेरिन या अमेरिकन इंजिनिअरास बोलावले होते. तो विद्या देऊन गेला, मालकी घेऊन बसला नाही. कलकत्त्याच्या अंगणातले लोखंड मुंबईच्या पैशाने पोलाद झाले, यात क्लाइव्ह स्ट्रीटच्या कारभाराची सारी टीका आली.

महाराष्ट्रातील विचारवंतांनी हे मर्म लवकर ओळखले होते. राजकीय पारतंत्र्य डोळ्यांना दिसते, पण भांडवल, साहस आणि कौशल्य यांच्या द्वारा येणारे पारतंत्र्य न दिसता अधिक खोल जाते, हे न्यायमूर्ती रानडे यांनी दाखवून दिले. मात्र परदेशी भांडवलाला सरसकट दार लावा, असे त्यांनी सांगितले नाही. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 साली कलकत्त्याच्याच कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले आणि सरकारी शिलकेमागचे रयतेचे दारिद्र्य उघड केले. बंगाली वाचकांना हा विचार त्यांच्या भाषेत सांगितला तोही एका मराठी कुळातील पुरुषाने. देवघरच्या परिसरात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक 1904 साली निघाले. स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघरी गेले आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली.

1947 साली फाळणी झाली. सगळ्या गिरण्या भारतात राहिल्या आणि ताग पिकविणारे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेले. इंग्रज पेढ्या एकामागून एक आपले भाग विकून निघून गेल्या. 1970 साली मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच कायद्याने बंद झाली. 1979 साली अँड्र्यू यूल ही सरकारी कंपनी झाली. प्लॅस्टिकच्या पोत्यांनी जगाची बाजारपेठ हिरावून घेतली होती, तेव्हा 1987 साली धान्य व साखर तागाच्या पोत्यांतच भरण्याचे बंधन घालणारा कायदा करून गिरण्यांना आधार द्यावा लागला. सत्ता बदलली, मालक बदलले. पण नवे यंत्र शोधणारी, नवा माल काढणारी विद्या त्या काठावर रुजलेलीच नव्हती, ती मालकांच्या बदलाने कशी उगवणार? पुष्कळ नव्या मालकांनीही जुनीच यंत्रे चालवून निघेल तेवढे काढण्यात समाधान मानले.

भांडवलाला पाटी चिकटवून त्याचे गुणदोष ठरत नाहीत, हा हुगळीकाठचा धडा आहे. त्याला तीन प्रश्न विचारावे लागतात: निर्णय कोण घेतो, नफा कोठे पेरला जातो, आणि हात शिकतात की नुसते राबतात? सेरँला या प्रश्नांची उत्तरे त्या भूमीला अनुकूल मिळाली. रिशड्याला ती मिळाली नाहीत. आज एखाद्या जिल्ह्यात परदेशी कारखान्याची कोनशिला बसते, तेव्हा गुंतवणुकीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. त्या आकड्याखाली या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिली आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम मात्र त्या जिल्ह्यातील लोकांचे आहे.